गाडगीळांचा प्रभाव मोजायचा कशाने? ‘घोडबंदरकर’ यांना उत्तर

घोडबंदरकर,

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आर्थिक इतिहासाचं नाव घेण्याजोगं एकच पुस्तक, तेही विद्यार्थिदशेतला प्रबंध. पुढे माणूस साखर कारखाना आणि नियोजन आयोगात रमला. कुणी कुणाचा हवाला दिला ते मोजणाऱ्या गूगल स्कॉलरवर उद्धरणं बेताचीच. तेव्हा माझा लेख म्हणजे मराठी माणसाने मराठी माणसाची थोपटलेली पाठ.

उद्धरणांचं आधी उरकतो. ‘इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया’ आलं १९२४ मध्ये, आणि नव्या आवृत्त्या १९७१ पर्यंत निघत राहिल्या. जो तो हाताशी असलेल्या आवृत्तीचं साल टाकतो, त्यामुळे मोजणी तिथेच विस्कटते. खरी गोष्ट वेगळीच आहे. हस्तव्यवसाय का बुडाले याचं गाडगीळांचं उत्तर आज बी.ए.च्या गाइडांत त्यांच्या नावाशिवाय छापलेलं असतं. देशी दरबार गेले, त्यांच्याबरोबर हक्काचं गिऱ्हाईक गेलं. परकी राजवट आली, शिकलेल्या वर्गाची आवड पालटली. आणि मग यंत्रमालाची स्पर्धा. क्रम बघा. सगळं खापर मँचेस्टरच्या कापडगिरण्यांवर फोडलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. त्या काळात तेवीस वर्षांच्या पोराने तसं न करणं सोपं नव्हतं.

आता ‘इतिहास सोडला’ हा आरोप. इथे मी अजिबात ऐकणार नाही. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९३३ मध्ये संस्थेने काय छापलं? पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी. बागाईतदाराच्या हातात किती पडतं आणि मधल्यामध्ये दलाल, अडते किती खातात, असल्या प्रश्नांसाठी तेव्हा विद्वान मंडई तुडवत नव्हते. पुढे अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत. १९५६ मध्ये संस्थेतल्याच सोवनी, आपटे, पेंडसे यांनी फेरपाहणी छापली, म्हणजे त्याच शहराच्या रोजगाराची आणि कमाईची दोन टोकं हाताला लागली. आज पुण्याच्या त्या काळावर लिहिणाऱ्याला हे आयतं मिळतं. इतिहासाचा कच्चा माल तयार करून ठेवणं हे इतिहासकाराचं काम नाही?

आणि साखर कारखाना! खेड्यांतला शेतकरी कर्ज कुठून काढतो हे तपासणाऱ्या गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीत गाडगीळ सदस्य होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के. बाकी बहुतेक सावकारी. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी ते उभे राहिले ते याच प्रश्नाला भिडायला. (त्या कारखानदारीचं पुढे जे राजकारण झालं त्याचं बिल त्यांच्या नावावर फाडू नका.) १९६९ मध्ये त्यांच्याच अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन काम करावं असं सुचवलं, त्यातून अग्रणी बँक योजना आली, म्हणजे जिल्ह्यागणिक एका बँकेने पुढाकार घ्यायचा. आपल्या ठाण्यातही जिल्हा पातळीवर त्या योजनेच्या बैठका होतात. कर्जवाटपाचे तक्ते चाळणाऱ्या तिथल्या कुणालाही गाडगीळ आठवत नसतील. गूगल स्कॉलर हे कुठल्या रकान्यात मोजणार?

टीकाच करायची होती तर दुसरीकडे वार करायला हवा होता. ‘इव्होल्यूशन’ उभं आहे मुख्यतः सरकारी अहवालांवर. साहेबाने जे मोजलं नाही ते त्यात दिसत नाही. पेशव्यांच्या कारभाराचे कागद, म्हणजे पेशवे दफ्तर, पुण्यातच. पण मोडी कागदांतून गावगाडा, वतनं, महसूल उलगडायचं काम अ. रा. कुलकर्णींसारख्यांना पुढे करावं लागलं. ही उणीव मोठी आहे आणि माझ्या मते तिने गाडगीळांचं एकोणिसाव्या शतकापूर्वीचं चित्र जरा सपाट झालंय.

जाता जाता: तुमचे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होते असं तुम्ही लिहिलंय. मग गाडगीळांच्या पद्धतीचे चार प्रश्न त्यांना विचाराच. शेजारच्या किसननगरातली कामगार मंडळी कुठल्या तालुक्यांतून आली, कुणाच्या ओळखीने चिकटली, गावी किती पैसे धाडत, आणि कंपनी बंद पडल्यावर रिक्षा घेतली की गाव गाठलं? उत्तरं लिहून पाठवा. तुमच्या नावाने इथेच टाकतो, एक अक्षर न बदलता.