आमवात असला तर गुडघा बदलता येत नाही म्हणे!

रावेर-यावलपासून पार शहाद्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. आमवातवाल्याचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असणाऱ्याचं) शरीर कृत्रिम सांधा बाहेर फेकतं. करायचंच असेल तर महिनाभर आधी वाताच्या सगळ्या गोळ्या बंद करा. साठीच्या आत नकोच, दहा वर्षांत सांधा निकामी होतो. आणि एकदा बदलला की आमवात मुळापासून जातो. खाली पुरवणी: वांगी, केळी, ताक आयुष्यभर वर्ज्य. मी जळगाव जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. ‘हाई खरं शे का?’ म्हणत पेशंट मोबाइल पुढे करतात, म्हणून हे लिहितोय.

पहिलं आणि शेवटचं विधान एकत्र वाचा. सांधा शरीर फेकून देतं, आणि तोच सांधा आमवात मुळापासून घालवतो! दोन्ही खोटं. बदलून बसवलेली किडनी दुसऱ्या माणसाची असते, म्हणून शरीर ती नाकारू शकतं. गुडघ्यात बसतो तो धातू आणि मध्ये पॉलिथिलीनचा थर. त्यात परक्या पेशी नसतात. धातूचं वावडं असलं तरी ते क्वचित. आणि आमवात हा साऱ्या शरीराचा आजार. बदललेला गुडघा सुटतो, पण बोटं, मनगटं, खांदे तिथेच असतात. त्यामुळे औषध चालूच राहतं.

मेसेजवाल्याने संसर्गाबद्दल लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. साध्या झिजेच्या रुग्णापेक्षा आमवातवाल्याला ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, हे खरं आहे. म्हणून तर आधी साखर, दात, लघवी आणि कातडीवरच्या जखमा बघतात. शेतात अनवाणी राबणाऱ्या बाईच्या टाचेची चिघळलेली भेगसुद्धा तारीख पुढे ढकलायला पुरते.

आता गोळ्यांचं, कारण इथेच मेसेज माणसाला आडवं पाडू शकतो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधेबदल करणाऱ्या सर्जनांनी मिळून 2022 मध्ये सुधारलेल्या सूचना स्पष्ट आहेत: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड ही औषधं खुबा-गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी थांबवायची नाहीत. आमवातात थांबवायची ती बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी), तीही एका डोसापुरती. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या 3 दिवस आधी. जखम नीट भरत असली तर साधारण 2 आठवड्यांनी पुन्हा सुरू. आपल्या बाबतीत कोणतं औषध केव्हा थांबवायचं, ते संधिवाताच्या आणि हाडांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. सगळंच बंद केलं की आमवात उसळतो, आणि ऐन व्यायामाच्या आठवड्यात पेशंटला वॉकरची मूठ धरवत नाही. (बोटं वाकडी असतील तर कोपरापासून हात टेकवायचा वॉकर मिळतो. तो आधीच मागून ठेवा.)

त्याहून वाईट स्टेरॉइडचं. ते वर्षानुवर्षं घेऊन अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी ‘वाताची पुडी’ मिळते. चार दिवसांत पळायला लावणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. ‘मी गोळ्या घेत नाही’ असं सांगणाऱ्या पेशंटच्या पिशवीत कागदाच्या पुड्या निघतात. लाज न धरता त्या भूलतज्ज्ञाला दाखवा. मान दुखते का, हेही सांगा. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून भुलीआधी मानेचा एक्स-रे काढतात.

साठीची अट कुठून आली, समजत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये 2019 साली आलेल्या विश्लेषणानुसार पूर्ण बदललेले 100 पैकी सुमारे 82 गुडघे 25 वर्षं टिकतात. त्यात बहुतेक रुग्ण झिजेचे होते, आणि कमी वयात केलं तर पुन्हा ऑपरेशनची शक्यता वाढते, हेही मान्य. पण थांबण्याचीही किंमत असते. कापूस वेचणारी चाळिशीतली बाई रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन निजते, कारण तेवढंच बरं वाटतं. वर्ष-दोन वर्षांत गुडघा त्याच कोनात आखडतो. ऑपरेशनआधी गुडघा जेवढा हलतो, त्यावरच नंतरची हालचाल बरीचशी ठरते. उशी काढा, एवढं मी प्रत्येकीला सांगतो. ऐकतात निम्म्या.

जाता जाता: धडगाव-अक्कलकुव्याकडच्या तरुणाचा खुबा दुखत असेल तर त्याला वात समजून साठीची वाट बघू नका. त्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्यात खुब्यातल्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. सिकलसेलची तपासणी आणि खुब्याचा एमआरआय करून घ्या.

राहिलं वांगं. जळगावात भरीत सोडायला सांगणाऱ्याची हिंमत दांडगी! भरताने किंवा केळीने बदललेला सांधा बिघडतो, याला आधार नाही. एखाद्या पदार्थाने त्रास होत असेल तर तो टाळा. पण ताक तोडू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि अशक्त पेशंटची जखम उशिरा भरते.