सगळं गवत एकसारखं नको

गेल्या रविवारी पहाटे तीनला इंदूरहून निघालो आणि उजाडायच्या सुमारास सैलान्याच्या बीडाच्या कडेला जाऊन बसलो. बीड म्हणजे आपलं कुरण. माळव्यात संस्थानांच्या काळापासून गवतासाठी राखलेली जमीन. इथे तणमोर हा पक्षी येतो, इकडचे लोक त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा. आम्ही दोन तास दुर्बीण लावून बसलो, एकही उडी दिसली नाही. 1983 मध्ये रतलामजवळचं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर ही दोन अभयारण्यं याच पक्ष्यासाठी केली, आणि 2021 पासून तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

परत येताना गाडीत सगळ्यांचं एकच म्हणणं, चराई पूर्ण बंद केली पाहिजे. मीही कित्येक वर्षं हेच म्हणायचो. आता मला ते पटत नाही.

राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणपक्ष्यांच्या उद्यानाचं उदाहरण आपल्यापासून फार लांबचं नाही. तिथे 1982 मध्ये म्हशींना बंदी केली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि मग तळ्यांत एक पाणगवत असं माजलं की पाणपक्ष्यांना उतरायला मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं आणि म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या, असा निष्कर्ष काढला. ज्यांना आपण शत्रू समजून हाकललं, त्याच जनावरांच्या तोंडावर ते तळं टिकून होतं!

तणमोराला मधलंच गवत लागतं. अंड्यांवर बसलेली मादी दिसू नये इतकं उंच, पण नराची उडी लांबून दिसावी इतकं बुटकं, आणि बुंध्यांमधून पिल्लांना पळता यावं इतकं विरळ. गुरांनी खरवडलेल्या माळावर टिटवी आणि धाविक हे पक्षी खूश असतात. हिवाळ्यात येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी मात्र रात्र उंच गवतातच काढतो. म्हणजे अख्ख्या बीडाला एकच नियम लावला, मग तो बंदीचा असो की मोकाट चराईचा, कुणी ना कुणी उपाशी राहणारच.

म्हणून एक तुकडा गुरांना द्यावा, एक पिल्लं मोठी झाल्यावर, पाऊस सरल्यावरच कापावा, एक तसाच उभा सोडावा, आणि पुढच्या वर्षी ही पाळी फिरवावी. कुठे जुनं वाळकं गवत फारच साचलं असेल तर जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढून, माणसं उभी करून, हिवाळा संपताना थोडा पट्टा जाळावा. (उन्हाळ्यात बेफाम लागणारे वणवे वेगळे, त्यांची बाजू मी घेत नाही.) अमेरिकेत ओक्लाहोमाच्या गवताळ प्रदेशात 1993 मध्ये बायसन सोडले आणि तिथे दरवर्षी वेगवेगळे तुकडे जाळतात. कोवळ्या फुटव्याच्या ओढीने बायसन आपणहून जळलेल्या तुकड्यात जातात, बाकीचं गवत तेवढ्यात वाढतं. कुंपण घालावं लागत नाही. आपल्याकडे हे काम गवळी आणि धनगर करू शकतील, पण त्यांना बरोबर घेऊन, दंडाच्या पावत्या फाडून नाही.

आणि झाडं. 14 जुलै 2024 ला आपल्या शहराने रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून जास्त रोपं लावली, मलाही अभिमान वाटला. पण मोकळा माळ दिसला की तो पडीकच आहे असं धरून खड्डे खणायला निघायचं, हे मला बघवत नाही. सरकारी नकाशांतही कितीतरी गवताळ जमीन ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेली असते. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं वाढतात ती जमीन पडीक कशी? त्यात सावली पाडली तर गवत जातं, आणि गवताबरोबर तणमोरही.

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर काल बायपासपलीकडच्या टेकडीवर वृक्षारोपणाचा मेसेज आला. मी लिहिलं, उतारावर लावा, वरचं पठार दिवाळीपर्यंत सोडा, आधी एकदा सकाळी जाऊन तिथे कोण राहतं ते बघू. दोन काका आणि समोरची वहिनी शनिवारी माझ्याबरोबर येताहेत.