कोलाडच्या राफ्टिंगचं पाणी पर्यटकांसाठी सोडत नाहीत, जरा वाचा

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की रायगडमधल्या कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगसाठी धरणातनं खास पाणी सोडतात, लोक जास्त असले तर दुपारीही सोडायला लावता येतं, आणि पावसाळा संपला की सगळं बंद. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पाणी सुटतं ते विजेसाठी. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या पॉवरहाऊसला येतं, सुमारे ५०० मीटर खाली, १९२७ पासून तिथे वीज बनतेय, आणि टर्बाइन फिरवून झालं की ते पुढे कुंडलिकेत येतं. म्हणजे मुळा नदीचं जे पाणी खरं तर पूर्वेला भीमेकडे गेलं असतं, त्यावर आपण कोकणात राफ्ट चालवतो, मला हे फार भारी वाटतं! म्हणूनच एप्रिल-मे मध्ये आजूबाजूचे ओढे कोरडे असले तरी राफ्टिंग चालू असतं.

पण याच कारणाने वेळ आपल्या हातात नाही. पाणी साधारण सकाळी येतं, राफ्ट त्याच्यासोबतच निघतात, त्यामुळे मुंबई-पुण्याहून निघून आरामात अकराला पोचू म्हणाल तर राफ्ट गेलेली असेल. आणि पाणी सुटलंच नाही तर त्या दिवशी राफ्टिंग नाही, त्यात ऑपरेटरवर चिडून उपयोग नाही, पैसे परत मिळणार का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आणि प्लीज, पाणी कमी दिसतंय म्हणून मुलांना घेऊन पात्रात उतरू नका, वरून सोडलं की पातळी झपाट्याने वाढते.