चाल ग्लेनची, नाव सिडचं

‘पिस्टल’ या मालिकेवरून परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. मालिका डॅनी बॉयलची, २०२२ सालची, सहा भागांची. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये उगवलेला सेक्स पिस्टल्स हा पंक, म्हणजे उद्धट, बंडखोर रॉक वाजवणारा बँड कसा वर आला, याची गोष्ट. ती गिटारवाला स्टीव्ह जोन्स याच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे, आणि वादाला तोंड तिथूनच फुटलं.

मृणूचं म्हणणं, गायक जॉन लायडन मालिकेत सतत दिसतो, पण बाहेरूनच दिसतो. “डोळे वटारतो, टोमणे मारतो, सगळं खरं. त्याची भूमिका करणारा ॲन्सन बून कामही झकास करतो. पण ती गाणी लिहिणारा माणूस एकटा बसल्यावर काय विचार करत असेल, ते मला सहा भागांत कळलं नाही.”

“कळणार कसं?” वकील म्हणाला. “त्याचा मालिकेलाच विरोध होता. गाणी वापरू देणार नाही म्हणाला. मग जोन्स आणि ड्रमवाला पॉल कुक लंडनच्या हायकोर्टात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. १९९८ साली या सगळ्यांनी करार केला होता, की असे निर्णय बहुमतानं घ्यायचे.”

“म्हणजे सोसायटीच्या जनरल बॉडीसारखं,” नाना म्हणाले.

“तसंच. आणि त्यावर लायडनची सही होती. कायद्यानं विषय संपला.”

मला निकाल पटतो. शब्द एकाचे असले तरी गाणं चौघांचं असतं, आणि एकानं सगळ्यांना अडवून धरावं हे बरोबर नाही. पण मृणूची तक्रारही खरी आहे. कोर्टात जिंकता येतं, माणसाच्या मनात शिरायची परवानगी त्यानं मिळत नाही. त्याची उणीव मालिकेत जाणवते.

आमच्यात बास गिटार वाजवणारा बंड्या एकटाच. इतका वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “वकीलसाहेब, त्या खटल्यात ग्लेन मॅटलॉक कुणाच्या बाजूनं होता, ते पण सांग.”

मॅटलॉक जोन्स-कुकच्या बाजूनं होता. मॅटलॉकच्या जागी पुढे बासवर आलेल्या सिड व्हिशसच्या वारसांचाही त्यांनाच पाठिंबा होता.

“बरोबर. आता हा ग्लेन कोण, ते ऐका.” बंड्या कट्ट्यावरून खाली उतरला. तो उभं राहून बोलायला लागला की आम्ही मध्ये बोलत नाही. “बँडचा पहिला बासवाला. बँडचा मॅनेजर मॅल्कम मॅक्लारेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांचं लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान होतं, तिथं शनिवारी काम करायचा. सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिकायचा, म्हणून तर बँडचा पहिला कार्यक्रम तिथं झाला, नोव्हेंबर १९७५ मध्ये. त्यांच्या अल्बमवर बारा गाणी आहेत. दहा गाण्यांच्या श्रेयात ग्लेनचं नाव आहे. बारापैकी दहा! आणि पोस्टरवर कोण? सिड. टीशर्टवर कोण? सिड. मालिकेतला पाचवा भाग कुणाच्या नावानं? सिडची मैत्रीण नॅन्सी, आणि सिड!”

“अरे, पण बँड गाजला तो शिव्यांनी,” नाना म्हणाले. “१ डिसेंबर १९७६. क्वीन बँडवाले येणार होते, ते आले नाहीत म्हणून यांना टीव्हीवर बोलावलं. निवेदक बिल ग्रंडीनं डिवचलं आणि जोन्सनं थेट प्रक्षेपणात शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरांची पहिली पानं यांचीच. तिथं तुझ्या ग्लेननं काय केलं?”

“तो तिथंच बसला होता, नाना. चौघांतला एक. शिव्यांनी नाव होतं, मान्य. पण नाव झाल्यावर लोकांना ऐकवायला काहीतरी लागतं ना? ‘अनार्की इन द यूके’ हे त्यांचं गाणं त्या कार्यक्रमाच्या आधीच बाजारात आलं होतं. त्याच वर्षी ४ जूनला मँचेस्टरला यांनी जेमतेम चाळीसेक लोकांपुढं वाजवलं. तेव्हा ना टीव्ही होता ना बोभाटा. त्या चाळिसांत पीटर हुक होता. त्यानं आईकडून पैसे उसने घेतले आणि बास विकत आणली. पुढे जॉय डिव्हिजन या बँडमध्ये त्यानं काय वाजवलं ते जगानं ऐकलं. त्या रात्री स्टेजवर बास कोण वाजवत होतं? ग्लेन!”

नाना नाट्यसंगीतातले. पद कुणी रचलं आणि चाल कुणी दिली, हे त्यांना वेगवेगळं माहीत असावंच लागतं. त्यामुळे ते थोडे नरमले, आणि मग बंड्यानं हुकमी पान टाकलं. पिस्टल्सच्या ‘प्रिटी व्हेकन्ट’ या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा ग्लेनला ॲबा या स्वीडिश पॉप बँडच्या ‘एसओएस’वरून सुचला होता, असं त्यानं स्वतःच सांगितलंय.

“ॲबा? आमच्या कॅसेटवालं ॲबा?” नानांना खराच आनंद झाला.

“तेच. आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये ग्लेन बाहेर पडला, तेव्हा मॅक्लारेननं संगीताच्या साप्ताहिकाला तार काय पाठवली? तो बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीबद्दल फार बोलायचा, म्हणून काढला. चांगली चाल आवडते हा गुन्हा! ग्लेन म्हणतो, मी स्वतःहून सोडलं. पण तारेतली गोष्टच लोकांच्या डोक्यात बसली.”

मृणूला हे सगळं पटलं नाही. “सिडचा राग कशाला करतोस? तो गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. नॅन्सी सुरीचा वार होऊन गेली, तेव्हा विसाची. मालिकेनं त्या दोघांकडं मायेनं बघितलं, ते मला आवडलं. इतकी वर्षं नॅन्सीला चेटकीण म्हणून दाखवतायत सगळे.” मग ती जॉर्डनकडं वळली. जॉर्डन म्हणजे पामेला रूक, मॅक्लारेनच्या दुकानातली विक्रेती. समुद्रकाठच्या गावाहून रोज आगगाडीनं लंडनला यायची, तेही असे कपडे घालून की अख्खा डबा वळून बघायचा. मेझी विल्यम्सनं ती भूमिका केलीय. “मालिका येण्याच्या थोडंच आधी, एप्रिल २०२२ मध्ये ती गेली. लोकांनी स्टेजवर पंक बघितलं त्याच्या आधी या बाईनं ते रेल्वेत अंगावर मिरवलं होतं. तिच्या गाडीतल्या प्रवासाला वेळ दिलाय, तो मालिकेतला माझा सगळ्यात आवडता भाग.” यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

बंड्या सिडवर चिडतो तेव्हा मला वाटतं, राग सिडवर नको, गोष्ट सांगणाऱ्यांवर हवा. सिडला कावीळ झाली होती, तो रुग्णालयात होता, अल्बमवर त्याची बास जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी बास जोन्सनं वाजवली. ज्याला धड वाचता येत नव्हतं, जो वाद्यं चोरायचा, त्या मुलानं वेसेक्स स्टुडिओत निर्माता ख्रिस टॉमसबरोबर गिटारवर गिटार चढवत तो भिंतीसारखा आवाज उभा केला. ही मालिका त्याच मुलाची आहे, मग स्टुडिओतल्या त्या दिवसांना अख्खा एक भाग का मिळू नये? बॉयलनं नटांना खरोखर वाजवायला लावलं, तालमी करून घेतल्या. कुक झालेला जेकब स्लेटर तर मुळात संगीतकारच. वाजवणारे हात असलेली माणसं पडद्यावर असताना कॅमेरा पुन्हा पुन्हा मॅक्लारेनच्या भाषणांकडं आणि सिडच्या सुरीकडं जातो, हे मला खटकलं. चाल जमत नाही, मग जमते, ते बघायला मी तासभर बसले असते.

“मग आता खूश असशील,” वकिलानं बंड्याला टोकलं. “२०२४ पासून जोन्स, कुक आणि तुझा ग्लेन फ्रँक कार्टरला गायला घेऊन वाजवतायत. लायडनशिवाय. चालतं तुला?”

बंड्यानं लगेच उत्तर दिलं नाही. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ लावला, नानांच्या कानाशी धरला.

“नाही चालत,” तो म्हणाला. “ग्लेनशिवाय सेक्स पिस्टल्स नाहीत म्हणून भांडतोय ना मी? मग लायडनशिवायही नाहीत. पण ही बास ऐका, नाना. इतक्या वर्षांनी तोच माणूस, तीच चाल.”

“बास कुठली ते दाखव आधी,” नाना म्हणाले. “मला गिटारच ऐकू येतेय.”