जप्तीतलं घड्याळ आणि 'स्वस्तात मस्त'

जपानमधल्या नगरपालिका थकलेल्या करापोटी जप्त केलेली घड्याळं, हँडबॅगा, गाड्या ऑनलाइन लिलावात काढतात. टोकियो महानगर प्रशासनाने 2004 मध्ये याहू जपानवर याची सुरुवात केली. अशा मालाचे फोटो फिरायला लागले की खाली कमेंट ठरलेली: 'स्वस्तात मस्त!'

माल स्वस्तात गेला तर तोटा थकबाकीदाराचा होतो हो. बोली जितकी चढेल तितका त्याचा कर फिटतो आणि खर्च, देणी वजा जाऊन उरलेले पैसे त्यालाच मिळतात. कचेरीच्या आवारात चार जुने व्यापारी बोलावले तर ते आपसात ठरवूनच येणार. ऑनलाइनचा खरा उपयोग इथे आहे.

तिथे कराच्या मागणीची नोटीस धाडून 10 दिवस उलटले की जप्ती करता येते. मग लिलावाची जाहीर सूचना, तीही किमान 10 दिवस आधी. हातची किंमत, म्हणजे जिच्याखाली माल विकायचा नाही ती, बाजारभावाहून कमीच धरतात. अनामत तिच्या किमान 10 टक्के. किरकोळ मालाला माफ होऊ शकते. थकबाकीदाराला स्वतः बोली लावता येत नाही. बोली जिंकून पैसे न भरणाऱ्याची अनामत जप्त होते, आणि ती त्या थकबाकीदाराच्या करात जमा होते! मला हे कलम फार आवडतं. उलट, खरेदीदाराने पैसे भरायच्या आत थकबाकीदाराने सगळा कर भरला तर विक्रीच रद्द.

अंथरूण-पांघरूण, तीन महिन्यांचं अन्न आणि इंधन, देव्हारा यांना हात लावायचा नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्येही धर्मरूढीने बाईला अंगावेगळे करता न येणारे दागिने असेच वगळलेत.

घोडं अडतं ते वर्णनात. मालाच्या दर्जाबद्दल नंतर तक्रार चालत नाही, म्हणून नुसतं 'घड्याळ, चालू' लिहिलं की शहाणा माणूस बोली आखडतो. काचेवर चरा कुठे, पट्ट्याच्या कड्या किती कमी, वॉरंटी कार्ड आहे का, हे लिहायला हवं. गाडीच्या किल्ल्या किती? सरकारी तपासणीची मुदत कधीपर्यंत? ती संपली असेल तर गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, टोइंगचा खर्च खरेदीदाराच्या डोक्यावर, आणि तो बोलीतून वजा होतोच. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते ते वेगळंच.

आपल्या महापालिकांनी अटकावणीचा, म्हणजे करापोटी जप्त केलेला, माल ऑनलाइन विकायचा म्हटलं तर आधी पंचनामा सुधारावा लागेल. 'एक रंगीत टीव्ही, जुना' यावर कोण बोली लावणार? मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहा, चालू करून पडद्याचा फोटो घ्या. आणि रिमोट तिथल्या तिथे टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीने लावा, गोदामात गेल्यावर तो सापडत नाही.