जॉर्ज मार्टिनचं दुकान खरंच बंद झालं होतं?

बीटल्स या इंग्लिश बँडचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन याच्याबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतोय: 'बीटल्सच्या चौघांना नोटेशन वाचता येत नव्हतं, म्हणजे खरी गाणी त्यांचा प्रोड्यूसर मार्टिनच रचायचा, त्यावर तो गडगंज झाला, आणि १९७० साली बँड फुटल्यावर त्याचं दुकान बंद पडलं.'

आधी नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहायची पद्धत. आपल्याकडे कागदाकडे न बघता जन्मभर गाणारे पायलीला पन्नास मिळतील. त्यांच्या चाली दुसऱ्यानं बांधल्या असं कोणी म्हणत नाही. मार्टिनला नोटेशन यायचं, कारण तो लंडनच्या गिल्डहॉल या संगीतशाळेत पियानो आणि ओबो शिकला होता. 'यस्टर्डे' या गाण्याला चार तंतुवाद्यांची साथ द्यायची, ही कल्पना त्याची. चाल मात्र बँडमधल्या पॉल मॅकार्टनीची, आणि स्वर हलवू नका, सरळ लावा, हा हट्टही त्याचाच.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये तर कोणाचं काम कुठलं, ते कानाला कळतं. १९६६च्या अखेरीस बँडमधल्या जॉन लेननच्या या गाण्याची दोन रूपं टेपवर होती: एक साधं, बँडचं, दुसरं ट्रम्पेट-चेलोंचं, दणदणीत. लेननला पहिल्याची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. पट्टी वेगळी, लय वेगळी. पण एवढं सांगून स्वारी मोकळी! मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमेरिक यांनी पहिल्या टेपचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला. टेपचा वेग बदलला की सूरही सरकतो, त्यामुळे लय आणि पट्टी एकदमच जुळत आल्या. मग कात्री चालली. हेडफोन लावून पहिलं मिनिट संपताना ऐका: लेननचा आवाज एकाएकी जड, झोपाळलेला होतो. तो सांधा.

चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनच्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये लंडनमधल्या भारतीय वादकांचे दिलरुबे आहेत. त्यांच्या मींडीमागून ८ व्हायोलिनं आणि ३ चेलो जावेत म्हणून मार्टिननं ती घसरण नोटेशनमध्ये बसवली. आता याला चाल रचणं म्हणायचं?

पैशाचा घोळ बहुधा शब्दामुळे होतो. प्रोड्यूसर म्हटलं की आपल्याला पैसे लावणारा शेठ दिसतो. मार्टिन रेकॉर्डिंग करवून घेणारा, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर होता. १९६३ साली ब्रिटनमध्ये त्याच्या रेकॉर्ड्स ३७ आठवडे पहिल्या नंबरावर होत्या, हातात मात्र ठरलेला पगार. विक्रीवर हिस्सा मिळेना, तेव्हा १९६५ साली तीन सहकाऱ्यांसह बाहेर पडून त्यानं 'एअर' ही कंपनी काढली. पुढे कमावलं ते तिथून.

आणि बंद पडलेलं दुकान? १९७५ साली त्यानं केलेला गिटारवादक जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो' हा अल्बम, जवळजवळ सगळी गिटारच, अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत गेला. १९७९ साली त्यानं कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर स्टुडिओ उघडला. 'द पोलीस', 'डायर स्ट्रेट्स' हे बँड तिथे जाऊन रेकॉर्ड करून आले. तो बंद पडला हे खरं, पण १९८९ साली, ह्यूगो चक्रीवादळानं. 'एअर'चा लंडनचा स्टुडिओ तेव्हाही चालूच होता.