शून्य रुपयांची तीन कोटेशनं

बाबूंनी फाईल नीट उघडलीसुद्धा नाही. वरचा आकडा बघून म्हणाले, "सर, शून्य रुपयाले मंजुरी कशी द्याची जी?"

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. यंदा संगणकाच्या पोटात काय चालतं ते शिकवायचा पेपर माझ्या गळ्यात पडला: सी, असेंब्ली, मेमरी, पॉइंटर. लॅबमध्ये ८०८५ ची किटं. हा प्रोसेसर इंटेलनं १९७६ साली काढला, म्हणजे पोरांच्या बापांच्या वयाचा. पोरं कीपॅडवर एकेक हेक्स आकडा टिपतात, ३ई, म्हणजे 'पुढचा आकडा घे', इथून सुरू. शेवटचा ७६, म्हणजे 'थांब', टिपायच्या आत लाइन जाते. रॅम कोरी. पुन्हा ३ई. मला हवं होतं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, सोबत जीसीसी आणि जीडीबी. सीचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा जीसीसी १९८७ पासून फुकट मिळतो. जीडीबीही फुकटच, आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, भलतीकडे गेला की प्रोग्रॅम नेमका कुठल्या ओळीवर आपटला ते दाखवतो.

"तीन कोटेशनं लागतेत," बाबू म्हणाले. "सगळ्यात कमी रेटवाल्याले ऑर्डर. तिघंही शून्य म्हनन त निवडाचं कोनाले? ऑडिटवाला मले उभं करन ना."

बाकावर एक काका पोराच्या टीसीसाठी बसले होते. खिडकीबाहेर वाकून त्यांनी खर्ऱ्याची पिंक टाकली आणि हक्कानं मध्ये पडले.

"सर, कंपनी फुकट काऊन देते?"

"कंपनी नाही काका, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय."

"मंग त पक्का वांधा हाय. मांगच्या साली कृषी केंद्रवाल्यानं बियान्यावर औषधाची बाटली फुकट देल्ली. फवारली त अळी अजून टवटवीत झाली."

बाबूंनी मान डोलावली. मी म्हटलं, "याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, उघडा असतो. कोणीही तपासू शकतं."

"तपासाले येते कोन? तलाठी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. काका सरकून जवळ आले. "माह्या साळ्याचं झेरॉक्सचं दुकान हाय. थो देते कोटेशन पाचशाचं. बाकीचे दोन त्याच्याच कम्प्युटरवर काढू, नावं बदलून."

"काका समजदार हायेत," बाबू मला म्हणाले.

इथं मला हसू आलं नाही, खरं सांगतो. वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग कपाशीत असतो. उरलेली पोरं एसटी मिळाली तर येतात. पुण्यात मुलाखतीला गेली की त्यांना स्टॅक आणि हीप, मेमरीचे हे दोन भाग, विचारतात; ३ई कोणीच विचारत नाही. आणि ८०८५ ची नवी किटं मात्र त्याच बैठकीत मंजूर! त्यांना किंमत आहे ना. तीन कोटेशनं, तिन्ही वेगवेगळी, फाईल कशी भरगच्च दिसते.

शेवटी मी 'पेन ड्राइव्ह, नग १' अशी मागणी लिहिली. लिनक्स त्यावरूनच घालणार होतो. साळ्यानंच पुरवला. पण डेडस्टॉकचा, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीतला, नंबर पडल्याशिवाय वस्तू ऑफिसबाहेर जात नाही. शिपायानं पांढऱ्या ऑइल पेंटनं कॉलेजचं आद्याक्षर, वर्ष, अनुक्रमांक असं सगळं इमानदारीनं लिहिलं. प्लास्टिकवर जागा संपली तेव्हा उरलेले आकडे पुढच्या पत्र्यावर. पेंट वाळून जाड झालाय. काल लॅबमधल्या एकाही यूएसबीत तो शिरेना.

ब्लेड मागायला गेलो तर बाबू दचकले. "खरडू नका बरं सर! नंबर मिटला त वस्तू हरपली असं धरते ऑडिट. वसुली तुमच्या पगारातून."